वाचली, समजली नाही

मार्च सरता सरता आमच्या सिंदीत ऊन आधी जिभेला कळतं. माठातलं पाणी एकदम गोड लागायला लागतं. मग नाकाला कळतं, कारण स्टेशनकडच्या कडुनिंबांना मोहोर येतो आणि त्याचा कडवट-गोड वास पार बाजारापर्यंत पोचतो. डोळ्यांना सगळ्यात शेवटी कळतं. तोवर कापसाचा हंगाम आटपलेला असतो. बाजारात शेवटची फरदड येते, म्हणजे वेचून वेचून थकलेल्या झाडाचा उरलासुरला कापूस, पिवळट आणि आखूड धाग्याचा. त्याला कोणी हौसेनं हात लावत नाही. याच दिवसांत परीक्षा असतात. आमच्याकडे परीक्षेलासुद्धा ऋतूचं नाव आहे, उन्हाळी परीक्षा आणि हिवाळी परीक्षा. मी दिलेली शेवटची परीक्षा उन्हाळी होती आणि ती देताना मी एकोणपन्नास वर्षांचा होतो.

परवा मी कूलरच्या ताट्या बदलत होतो. मागच्या वर्षीचा वाळा कुजून काळा पडला होता, त्याचा चुरा बोटांना चिकटत होता. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. हात पुसून पाहिलं, तर माझ्या जुन्या लॉ कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर प्राचार्य मॅडमचं पत्र आलं होतं. 'प्रिय विधी परिवार' अशी सुरुवात. आधी बातम्या होत्या. ग्रंथालयात नवी कपाटं आली, अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत मुलींनी दुसरा क्रमांक पटकावला. मग आव्हानं. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा, मान्यतेचं नूतनीकरण, 'आव्हानात्मक कालखंड' वगैरे. आणि सगळ्यात शेवटी हे वाक्य : 'विद्यार्थ्यांना प्रत्येक टप्प्यावर विश्वासात घेण्याची आपल्या महाविद्यालयाची परंपरा यापुढेही कायम राहील.'

मी हातातली ताटी अंगणात फेकली.

"काय झालं जी?" आतून बायको ओरडली. "कोन गेलं?"

"कोनी गेलं नाई. परंपरा पैदा झाली."

"मंग ताटी काऊन फेकता? ताटी का त्या मॅडमची हाय?"

ताटी उचलून आणली. राग मात्र उचलता आला नाही. तो त्या उन्हाळ्यापासून तिथंच पडून आहे, आणि खरं सांगायचं तर मलाच तो उचलायचा नाही.

मी शिकलेल्या घरातला नाही. बाजार समितीच्या आवारात मापारी म्हणून लागलो. काट्याजवळ उभं राहून वजन ओरडायचं, एवढंच काम. दिवसभर नाकातोंडात कापसाची तुसं. तिथून एकेक पायरी चढत स्वतःची अडत टाकली, दुकानावर नावाची पाटी लावली. मला कोणी काही दिलेलं नाही, जे आहे ते भाव करून घेतलेलं आहे. लग्नाच्या दिवशी मी बाशिंग बांधून मांडववाल्याशी भांडत होतो, असं आमच्याकडे अजून सांगतात. डोकं लवकर तापतं, असंही सांगतात. दोन्ही खरं आहे.

कायदा शिकायला गेलो तो एका कागदामुळे. ऐन हंगामात कोणीतरी कागद पुढे केला. नेहमीचाच आहे, सही करा, म्हणाला. मी केली. त्या सहीपायी माझा परवाना अख्खा हंगाम अडकून पडला. वर्ध्याच्या कोर्टात मी वकिलाच्या मागे मागे फिरलो. हा माणूस माझ्याशी ज्या आवाजात बोलायचा, त्या आवाजात मी कधी बैलाशी बोललो नाही. काही विचारलं की म्हणायचा, तुम्हाला नाही कळणार, सेठ. परवाना सुटला, पण ते वाक्य सुटलं नाही. बी.ए. मी कधीकाळी बाहेरून केलेलंच होतं. तीन वर्षांच्या वकिलीच्या अभ्यासाला नाव घातलं.

"पन्नाशीले टेकले अन् दप्तर घेऊन चालले," बायको म्हणाली. पण पहाटे उठून डबा तिनेच करून दिला, तिन्ही वर्षं.

वर्ग सकाळचे असायचे, नोकरदारांच्या सोयीसाठी. पहिल्या गाडीने सिंदीहून वर्ध्याला जायचं. गाडीत दूधवाले, भाजीवाल्या बाया आणि गुडघ्यावर करार कायद्याचं पुस्तक उघडून बसलेला मी. आमच्या वर्गात सगळ्या जातीचा माल होता. निवृत्त तलाठी होते, नालवाडीचे दोन मास्तर होते, कचेरीतले कारकून होते, कालपरवा बी.कॉम. झालेली पोरं होती. पहिल्या बाकावर वैशाली बसायची. ती सावंगीच्या दवाखान्यात नर्स होती. रात्रपाळी संपवून थेट वर्गात यायची, अंगाला औषधाचा वास आणि डोळे लाल. पहिला बाक तिने झोप येऊ नये म्हणून निवडला होता. तिच्या लगेच मागच्या बाकावर मी. पहिल्याच आठवड्यात तिने मला काम नेमून दिलं.

"डुलकी लागली तं पेन टोचजा, भाऊ. लाजू नका. जोरात टोचजा."

तिला नवरा नव्हता. दोन मुली होत्या आणि त्यांना सांभाळणारी आई होती. मला वकिली यायला हवी होती ती अपमानापायी. तिला हवी होती ती दिवसा काम करून रात्री घरी झोपता यावं म्हणून. दोन्हीत तिचं कारण मोठं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

आवाजानं मोठा म्हणून मला वर्ग प्रतिनिधी केलं. त्या पदाला एकच खरं काम होतं, सूचना वहीवर सही करायची. ही वही म्हणजे लांबोडकी, लाल कापडी पुठ्ठ्याची. प्राचार्यांना वर्गांना काही कळवायचं असलं की या वहीत लिहून शिपाई वामनराव ती वर्गावर्गांतून फिरवायचे. चपलांचा फटक फटक आवाज यायचा, दार लोटलं जायचं, शिकवणं थांबायचं. सर सूचना वाचून दाखवायचे, स्वतः सही करायचे, मग वर्ग प्रतिनिधीने सही करायची. म्हणजे सूचना वर्गाला पोचली. परीक्षेचे अर्ज, गणवेश, स्नेहसंमेलन. दोन वर्षं मी अशा सह्या केल्या, त्यातली एकही आठवत नाही.

तिसऱ्या वर्षी, याच दिवसांत, कडुनिंबाचा मोहोर वर्गाच्या खिडकीतून आत पडत असताना एक कुजबुज सुरू झाली. आमच्या आदल्या वर्षी पास झालेला एक जण मला कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसलेला दिसला होता. मी विचारलं, सनद आली का? म्हणाला, "कायची सनद, सेठ. फाइल अडकून हाय. कॉलेजची मान्यताच सरली म्हणतात."

कायद्याच्या कॉलेजला विद्यापीठाखेरीज दिल्लीहूनही, वकिलांच्या परिषदेकडून, मान्यता लागते. ती नसली तर पदवीचा कागद हाती येतो, पण सनद मिळत नाही. म्हणजे काळा कोट शिवता येतो, तो घालून कोर्टात उभं राहता येत नाही.

कार्यालयात विचारलं तर उत्तर यायचं, प्रक्रिया सुरू आहे. मग वर्गाने ठरवलं, निवेदन द्यायचं. आता कायद्याच्या विद्यार्थ्यांनी निवेदन लिहायचं म्हणजे काय होतं ते ऐका. आठ दिवसांत सात मसुदे झाले. तलाठीबुवांनी मसुद्याला परिशिष्ट जोडलं. एका मास्तरांनी घटनेच्या कलमापासून सुरुवात केली. बी.कॉम.च्या पोरांनी तर कॉलेजलाच कायदेशीर नोटीस लिहून आणली. प्रत्येकाला दुसऱ्याचा मसुदा कच्चा वाटत होता. शेवटी एक ठरला, स्वच्छ टाइप झाला आणि बाकावर ठेवला. पहिली सही कोणाची? तलाठीबुवांना एकदम गाडी आठवली. मास्तर चष्मा घरी विसरले होते. तो कागद तीन दिवस बाकावर होता, मग त्यावर कोणीतरी समोसा ठेवला.

मी हसलो नाही. मीही पहिली सही केली नव्हती. तोंडी परीक्षेचे गुण कॉलेजच्या हातात असतात, हे मलाही माहीत होतं.

आणि मग एका सकाळी वामनरावांच्या चपला वाजल्या. सरांनी वाचलं. 'महाविद्यालयाच्या मान्यतेच्या नूतनीकरणाची प्रक्रिया विहित पद्धतीने सुरू आहे. विद्यार्थ्यांनी कोणत्याही अफवांवर विश्वास ठेवू नये. यासंबंधीची सर्व माहिती विद्यार्थ्यांना वेळोवेळी देण्यात आलेली आहे.'

वर्गाने श्वास सोडला. मी ऐकला तो आवाज. माणसांना बरं वाटायचं असलं की फार थोडं पुरतं. वैशालीने मान वळवली. तिचा चेहरा मोकळा झाला होता.

"चला, सुटलो बाप्पा. भाऊ, आता तीस तारखेले राजीनामा देऊन टाकते मी."

"कायचा राजीनामा?"

"नोकरीचा. एक वकीलसाहेब हाय वर्ध्याचे, जूनपासून ये म्हणते. पण पूर्ण वेळ पायजे म्हणते. कागद लिहून पर्समध्येच हाय. त्या अफवेपायी थांबली होती. आता मॅडमनं लिहूनच दिलं ना?"

वही माझ्या पुढ्यात आली. पेन उघडलं होतं.

कापसाची गाडी विकायला येते तेव्हा वरचा थर नेहमी पांढराशुभ्र असतो. त्याच्याकडे पाहून बोली लावतो तो एका हंगामात बाजारातून उठतो. शहाणा माणूस बाही सारतो आणि कोपरापर्यंत हात आत घालतो. आतला कापूस ओला असेल तर हाताला गार लागतो. मी त्या सूचनेत हात घातला. पहिलं वाक्य कोरडं होतं, दुसरंही. तिसऱ्याशी हाताला गारवा लागला. सर्व माहिती वेळोवेळी देण्यात आली आहे. कधी दिली? कोणती दिली? आणि त्याखाली मी सही केली, तर उद्या कोणी विचारल्यावर ही वही पुढे करतील. बघा, वर्गाला सगळं ठाऊक होतं, यांच्या प्रतिनिधीची सही आहे. एकदा मी न समजता सही केली होती. तेव्हा नुकसान माझं एकट्याचं होतं.

मी वहीत लिहिलं : 'वाचली. समजली नाही.' आणि खाली सही केली.

सर वाकून पाहायला लागले. "सेठ, हे काय?"

"अभिप्राय."

"अभिप्राय नसतो इथे. सही असते."

"सही बी हाय, सर. खाली पाहा."

वामनरावांनी वही घेतली, वाचली आणि त्यांचा रंग उडाला. "अजी सेठ, हे वही तपासणीवाल्यायले दाखवा लागते!"

"मंग फाडा पान."

"कसं फाडू? पानायले नंबर हाय ना!"

मला ते माहीत नव्हतं, देवाशपथ. पण माहीत झाल्यावर मी ते विसरलो नाही. बाजारात समोरच्याच्या तोंडून एखादी गोष्ट निसटते तेव्हा आपण टाळ्या वाजवत नाही, नुसते गप्प राहतो.

अर्ध्या तासात बोलावणं आलं. मॅडमच्या खोलीत कूलर होता, त्याच्या ओल्या वाळ्याचा वास होता. टेबलाच्या काचेखाली सुट्ट्यांची यादी, काचेवर लाल वही उघडी. मॅडम आवाज चढवणाऱ्या नव्हत्या. पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, मग म्हणाल्या, "गुल्हाने, हे खोडा."

"खोडतो जी. आत्ता खोडतो. तुमी फक्त वर्गात येऊन सांगा, मान्यता हाय का नाई."

"सूचनेत सांगितलं आहे."

"सूचनेत प्रक्रिया हाय. मान्यता नाई."

मॅडमनी वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "मी उद्या वर्गात उभी राहून नाही म्हणाले, तर परवा निम्मा वर्ग नागपूरला प्रवेश शोधायला जाईल. नवीन मुलं येणार नाहीत. मुलं नाहीत म्हटल्यावर संस्था कॉलेजला कुलूप लावेल. मग तुमच्या पदवीचं काय? मी हे कॉलेज टिकवते आहे, गुल्हाने. लपवते आहे असं समजू नका."

हा मुद्दा पोकळ नव्हता. आज लिहितानाही मी तो पोकळ म्हणणार नाही. त्या खुर्चीवर वरून संस्थेचा दाब, खालून आमचा, मध्ये एकटी बाई. मी कदाचित नरम पडलो असतो. पण त्यांनी पुढे एक वाक्य जोडलं.

"आणि हा काही बाजार नाही. इथे घासाघीस चालत नाही."

माझा हात टेबलावर कधी आपटला ते मला कळलं नाही. ग्लास कलंडला, पाणी काचेवर पसरलं.

"बाजार असता तं बरं होतं, मॅडम! बाजारात ओला माल झाकून इकला तं लोक गचांडी धरतात. तिथं कोनी असं नाई म्हणत का अफवांवर विश्वास ठेवू नका. माझ्या वर्गात एक बाई हाय. आज तुमची सूचना ऐकून ती नोकरी सोडून राह्यली. तीस तारखेले. घरी दोन पोरी, म्हातारी माय, कमावणारी ती एकटी. तुमी तिले सांगा, सोड म्हणून. तुमच्या तोंडानं सांगा. मी आत्ता खोडतो."

"कोण आहे ती?"

"नाव नाई सांगत."

मॅडमनी पदराने काचेवरचं पाणी टिपलं. बराच वेळ टिपत होत्या. पाणी केव्हाच संपलं होतं.

"तुम्ही जा," म्हणाल्या.

मी गेलो. परतीच्या गाडीत उन्हाची झळ तोंडावर घेत दारात उभा राहिलो आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. तीन वर्षांची मेहनत, तोंडी परीक्षा तोंडावर, आणि मी प्राचार्यांच्या टेबलावर हात आपटून आलो होतो. घरी सांगितलं तेव्हा बायकोने कैरीचं पन्हं पुढे ठेवलं आणि विचारलं, "ग्लास फुटला का?" मी नाही म्हटलं. "मंग ठीक हाय," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला दार उघडलं. वामनराव नव्हते, वही नव्हती. मॅडम स्वतः होत्या, हातात कागदसुद्धा नव्हता. सर बाजूला झाले. मॅडम फळ्याला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि बोलल्या. मला ते सगळे शब्द आठवतात, कारण ते फार थोडे होते.

"आपली मान्यता दोन वर्षांपूर्वी संपली आहे. नूतनीकरणाचा अर्ज दिला आहे, पण आपल्याकडे पुरेसे पूर्णवेळ प्राध्यापक नाहीत, म्हणून तो अडकला आहे. तुमची परीक्षा होईल. पदवी मिळेल. सनद कधी मिळेल, मला माहीत नाही. मिळेलच, असंही मी सांगू शकत नाही. हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

मग एकदम सगळे उठले. कोणी ओरडलं, कोणी बाक वाजवला, बी.कॉम.चं एक पोरगं भिंतीकडे तोंड करून रडायला लागलं. तलाठीबुवा म्हणाले, "म्हंजे एवढं वय झाल्यावर नापास झालो म्हना की, पास होऊन!" आणि दोघे-तिघे हसले, रडवेलं हसणं. मॅडम तशाच उभ्या राहिल्या. कोणी काय काय बोललं, त्यांनी ऐकून घेतलं. घंटा झाल्यावरच गेल्या.

वैशालीने पर्स उघडली, घडी केलेला कागद काढला, चार तुकडे केले आणि खिडकीबाहेर टाकले नाहीत, परत पर्समध्येच ठेवले. म्हणाली, "घरी चुलीत घालते. इथं कोनी जुळवून वाचन." मग घड्याळ पाहिलं. तिला दुपारची जादा पाळी होती. जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रागावली असावी असं मला वाटलं. खूप नंतर तिने सांगितलं की, पाहिलं असतं तर तिथेच रडू फुटलं असतं.

आता माझी तक्रार. ती मी इतकी वर्षं जपून ठेवली आहे, तेव्हा नीटच सांगतो.

मॅडम जे म्हणाल्या होत्या ते झालं. काही जण नागपूरला गेले. नव्या वर्षाचे प्रवेश रोडावले. आणि मग वर्गाने दोष कोणाला दिला? मान्यता संपवणाऱ्यांना नाही. दोन वर्षं गप्प बसणाऱ्यांनाही नाही. "सेठनं कॉलेज डुबवलं." ज्यांना पहिली सही करताना गाड्या आठवल्या होत्या, त्यांनीच दुसरा वर्ग प्रतिनिधी निवडला. मास्तर मला पाहून रस्ता ओलांडायचे. तोंडी परीक्षेत मला वर्गात सगळ्यात कमी गुण पडले. का, ते मला ठाऊक आहे, पण सिद्ध करता येत नाही. पुरावा कायदा मला तेव्हापासून फार चांगला समजतो.

उन्हाळी परीक्षा दिली. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून स्टेशनपासून केंद्रापर्यंत चालत जायचं, डांबर चपलेला चिकटायचं. परीक्षागृहात पाण्याच्या माठाभोवती रांग. उत्तरपत्रिकेवर घामाचा थेंब पडला की शाई पसरायची. मी प्रत्येक पेपर असा लिहिला, जणू समोर तो वकील बसला आहे, ज्याने मला सांगितलं होतं की तुम्हाला नाही कळणार. कोणाला वाटेल, सनदेचा भरवसा नसताना कशाला लिहायचं? मला उलट वाटत होतं. आता निदान माहीत होतं की कशासाठी लिहितोय आणि काय मिळणार नाही. आंधळ्या भरवशावर लिहिलेल्या पानापेक्षा डोळे उघडे ठेवून लिहिलेलं पान जड असतं.

मान्यता आली, पण दीड वर्षाने. संस्थेला शेवटी प्राध्यापक नेमावे लागले. आमच्या सनदा आल्या. त्या दीड वर्षात वैशालीची नोकरी चालू होती, तिच्या घरात चूल पेटत होती. तो राजीनामा दिला असता तर काय झालं असतं, हे ती कधी बोलत नाही, मीही काढत नाही. आज ती वर्धा कोर्टात उभी राहते. मे महिन्यात काळा कोट, पांढरी पट्टी, घामाने डबडबलेली, आणि तरी समोरच्या वकिलाला एक वाक्य पूर्ण करू देत नाही.

आणि मान्यता आली त्याच वर्षी कॉलेजच्या वार्षिक अंकात प्राचार्यांचं मनोगत छापून आलं. 'या कठीण काळात आम्ही विद्यार्थ्यांना वेळोवेळी विश्वासात घेतले.' आम्ही! वेळोवेळी! एकदा घेतलं होतं, तेही हात आपटल्यावर. मी तो अंक अजून ठेवला आहे. खुर्चीवर बसलेल्या माणसांना बातमी म्हणजे घरच्या बरणीतलं लोणचं वाटतं. कोणाच्या ताटात किती फोडी वाढायच्या, ते आपण ठरवायचं. पण बातमी ज्याच्या आयुष्याची असते त्याचीच ती असते. ती त्याला देणं हा उपकार नाही, आणि उशिरा दिल्यावर पाठ थोपटून घेणं हा तर उघड लबाडपणा आहे. हे मी मॅडमना लिहून कळवलं होतं. उत्तर आलं नाही.

उत्तर काल आलं, एका परीने. दुपारी ऊन रणरणत असताना फोन वाजला.

"गुल्हाने, मी बोलतेय." आवाज थकलेला होता. पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत म्हणे. "आपली मान्यता पुन्हा नूतनीकरणाला आली आहे. समिती येणार आहे. त्यांना माजी विद्यार्थ्यांचं म्हणणं हवंय, कॉलेज विद्यार्थ्यांशी कसं वागलं याबद्दल. दोन ओळी द्याल?"

"मी?" मला हसूच आलं. "पुऱ्या वर्ध्यात दुसरं कोनी नाई सापडलं?"

"सापडले. सगळे गोड लिहितात. तुम्ही गोड लिहिणार नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तुमच्या दोन ओळींना किंमत आहे."

सौदा कसा उघडायचा ते बाई शिकल्या होत्या.

"आधी मले सांगा मॅडम, आताच्या पोरायले सांगितलं का? का तेच पत्र धाडलं, कालखंडाचं?"

"पत्र संस्थेने लिहिलं, माझी सही आहे," त्या म्हणाल्या. "पण सोमवारी मी तिन्ही वर्गांवर जाऊन आले. काय अडलंय, कधीपर्यंत अडू शकतं, सगळं सांगितलं. कोणी बोलावलं नव्हतं."

मी विश्वास ठेवला नाही. विचार करून सांगतो म्हणालो आणि वैशालीला फोन लावला. तिच्याकडे याच कॉलेजातली एक मुलगी शिकायला येते.

"खरं हाय, भाऊ," वैशाली म्हणाली. "उभ्यानं सांगितलं म्हणते, हातात कागद बी नव्हता. दोघी-तिघी रडल्या. पण एकीनं बी कॉलेज नाई सोडलं अजून." मग म्हणाली, "देऊन टाका ना दोन ओळी. किती दिवस धरून ठेवता?"

धरून ठेवायचं की सोडायचं, ते मी ठरवीन. पण जे खरं आहे ते दडवणं मला जमत नाही, मग ते माझ्या विरुद्ध जाणारं का असेना. मी दुकानात बसून दोन ओळी लिहिल्या आणि मॅडमना पाठवल्या :

'त्या वर्षी विचारल्याशिवाय सांगितलं नाही.
विचारल्यावर मात्र खोटं बोलल्या नाहीत.'

पाच मिनिटांत फोन आला.

"गुल्हाने, पहिली ओळ काढता येईल का?"

"नाई जी."

"बरं, मग दुसरी जरा वाढवा. या सोमवारचंही घाला."

"सोमवारचं आताची पोरं लिहितील. माझ्या वर्षाचं मी लिहिलं. समिती पाहून घेईल."

"पहिल्या ओळीने नुकसान होईल, असं नाही वाटत तुम्हाला?"

"पहिली काढली तं दुसरीवर कोन विश्वास ठेवन, मॅडम?"

पलीकडे कूलरचा आवाज येत होता. मी घाई केली नाही. अशा वेळी जो आधी बोलतो तो भावात उतरतो, हे मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलेलं नाही.

"दोन्ही पाठवते," मॅडम म्हणाल्या.